सरलानी भूल

गोल्फ हा खेळ मला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. लिंबाएवढा चेंडू पेल्याएवढ्या भोकात घालायचा आणि तेवढ्यासाठी साठ एकर जमीन अडवून ठेवायची, हे मुलांना चौतीस वर्षं क्षेत्रफळ शिकवलेल्या माणसाच्या गळी उतरणं कठीण. तरीही कामरेजच्या पुढे, बारडोलीच्या अंगाला असलेल्या एका गोल्फ क्लबाची मला खडान्‌खडा माहिती आहे. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे रानडुकरं शिरतात, नवव्या भोकाजवळच्या चिंचेला कोणत्या वर्षी वीज लागली, सगळं. ही माहिती मी मागितली नव्हती. दर सोमवारी संध्याकाळी हिलाल माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि गवताखेरीज त्याला दुसरं बोलता यायचं नाही, म्हणून ती माझ्याकडे साठत गेली.

मी बमरोलीत राहतो. सुरतेच्या मराठी शाळेत मास्तर होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. कोणी साक्रीकडचं, कोणी शिरपूरचं, मी अमळनेरचा. सगळे मिलसाठी आले. कोणाला सरकारी कागद आला, कोणाचं नाव चुकलं, कोणाला अर्ज करायचा झाला, की पावलं माझ्या दाराकडे वळतात. गुजरातीत अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

हा क्लब म्हणजे शहरातल्या लोकांना वाटतो तसा काचेचा महाल नव्हे. इको गाडीतून कामरेज चौफुलीच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंनी ऊस लागतो. कारखाना चालू असला की मळीचा वास नाकात बसतो. कालव्याच्या पुलावरून डावीकडे वळलं की उसातच एक फाटक, आणि फाटकाच्या आत एकदम मोकळं हिरवं रान. आजूबाजूला पुरुषभर उंच ऊस आणि मधे हे भादरलेलं डोकं. एक कौलारू ओसरी, तिच्यात वेताच्या खुर्च्या, मागे माळ्यांच्या चार खोल्या. एवढंच.

तो काढला ठाकोरशेठ नावाच्या डाइंग मिलवाल्याने. जमीन त्याची वडिलार्जित, उसाची. मेव्हण्याकडे नैरोबीला गेला, तिथे हा खेळ बघितला, आणि परत आल्यावर उभा ऊस उपटून गवत लावायला निघाला. गावाने त्याला वेड्यात काढलं. बरं, गवत लावलं तर लावलं, त्यात कोणाचं ढोर चरू द्यायचं नाही म्हणे. गावातली माणसं तेव्हा ऊसतोडीत गुंतलेली, शिवाय असल्या कामावर यायला कोणी राजी नव्हतं. मग शेठ बमरोलीच्या आपल्या मिलमध्ये आला आणि खात्यात उभं राहून विचारलं, शेती कोणी केलीय? खानदेशी हात वर झाले. त्यात हिलालचा हात पहिला.

हिलाल साक्री तालुक्यातला. कांद्याचा माणूस. मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभा राहून त्याच्या अंगाला चट्टे पडले होते, उघड्या हवेचं काम म्हटल्यावर तो हरखला. बायकोलाही बरोबर घेतलं. सरलाबाईचा हात रोप लावायला हिलालपेक्षाही चपळ होता, हे तो स्वतः कबूल करायचा. दोघं मिळून आणखी दहा-बारा बायका-माणसं घेऊन गेली, आणि शेठने हिलालला मुकादम केलं. पहिल्या दिवशी गवताची पोती उघडली तर आत हरळी. म्हणजे जातकुळी जरा बारीक, पण हरळीच. शेतकऱ्याचा जन्म जी उपटण्यात जातो ती इथे काडी-काडी करून लावायची होती. सरलाबाई तेव्हा पोट धरून हसली होती म्हणे. पुढे हिलालने मला हे पन्नास वेळा सांगितलं, आणि दर वेळी "हर्षदानी माय हसनी" असंच म्हणाला.

कारण तो बायकोचं नाव घेत नसे. आमच्याकडच्या जुन्या माणसांची ती रीतच आहे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण नवराही बायकोचं घेत नाही. मूल होईपर्यंत "अगं" आणि मूल झालं की त्याची माय. हर्षदा ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सरलाबाई झाली हर्षदाची माय, आणि हिलाल हर्षदाचा बाप. शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव विचारलं तेव्हा हा गृहस्थ माझ्यासमोर लाजून गप्प उभा राहिला. शेवटी सहा वर्षांच्या हर्षदाने सांगितलं. मी त्याची त्यावरून बरीच वर्षं चेष्टा केली.

आता पाचव्या ग्रीनचं. भोकाच्या भोवती जो गालिच्यासारखा बारीक कापलेल्या गवताचा तुकडा असतो त्याला ग्रीन म्हणतात. तो तळहातासारखा गुळगुळीत लागतो, कारण शेवटचा चेंडू तिथे अलगद घरंगळत न्यायचा असतो. नऊ भोकांच्या नऊ ग्रीन. पैकी आठ गुळगुळीत होत्या. पाचवीला सात वरंबे होते. उसातून चालत येऊन तुम्ही तिच्या कडेला उभे राहिलात की सकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसायचे, कांद्याच्या वाफ्यांना असतात तसे, फक्त दाबलेले, गवताखाली झोपलेले. चेंडू सोडला की तो या वरंब्यावरून त्या वरंब्यावर हेलकावे खात भलतीकडेच जायचा.

त्याची गोष्ट सगळ्या क्लबात प्रसिद्ध होती. शेठ सहा आठवड्यांसाठी नैरोबीला लग्नाला गेला असताना पाचवी ग्रीन लावायची वेळ आली. सरलाबाईने सवयीने तिथे वाफे पाडले आणि कांद्याचं रोप लावावं तशी हरळी लावली. गवताने मुळं धरली, मग किती रूळ फिरवला तरी वरंबे गेले नाहीत. शेठ परत आला, त्याने तिथे चेंडू मारून पाहिला, आणि हसत हसत गवतावर बसला. म्हणाला, हे असंच राहू द्या. साऱ्या दुनियेत कांद्याच्या वाफ्यांची ग्रीन माझ्याकडेच आहे. तेव्हापासून त्या पाचव्या भोकाचं नाव पडलं "सरलानी भूल", म्हणजे सरलाची चूक. पत्त्यावर छापलं गेलं, म्हणजे ज्या कागदावर खेळणारे आपले फटके लिहितात त्यावर. हिऱ्याचे व्यापारी, डॉक्टर, वकील, सगळे आपसात म्हणायचे, आजे सरलाए मने मारी नाख्यो, सरलाने आज मला मारलं. शेठने सरलाबाईला एक साडी पाठवली. ती तिने कधी नेसली नाही.

सरलाबाई तोवर क्लबातून परत आली होती. हर्षदाची शाळा सुरू झाली म्हणून आली, असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि मीही तेच धरून चाललो. हिलाल तिकडे माळ्यांच्या खोलीत, ही इकडे बमरोलीत माझ्या शेजारी. सोमवारी क्लब बंद, तेव्हा तो सकाळी यायचा आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने जायचा. एकोणीस वर्षं हा संसार आठवड्यातून एका दिवसाचा होता. सोमवारी तिच्या घरातून कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास यायचा. बाकीचे सहा दिवस ती दारात बसून साड्यांचे धागे कापायची. मार्केटमधून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे येतात, मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीने काढायचे. डोळे गेले, मान आखडली, कात्रीने अंगठ्याला घट्टा पडला. "इतकं उघडं रान सोडून हे काय धरून बसलीस?" असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पोरनी शाया से ना, गुरुजी." त्यावर मी शिक्षणाच्या महत्त्वावर दोन वाक्यं बोललो. आठवलं की माझी मलाच चीड येते.

क्लबाला दहा वर्षं झाली तेव्हा शेठने माळ्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. मीही गेलो, जेवण फुकट होतं म्हणून. ठाकोरशेठने स्वतः सरलाबाईला पाहुण्यांसमोर नेलं आणि म्हणाला, "आ सरलाबेन. जेनी भूल छे ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरलाबाईने पदर सारखा केला आणि हसली. मग चपला काढून ती पाचव्या ग्रीनवर गेली आणि अनवाणी एकेक वरंबा ओलांडत शेवटपर्यंत चालली. परत आली तेव्हा हिलालकडे एकदा नीट बघून म्हणाली, "आठे कांदा चांगला उना असता." इथे कांदा छान आला असता, असं. सगळे पुन्हा हसले. हिलाल हसला नाही. तो जमिनीकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, चारचौघांत बायको बोलली म्हणून लाजला असेल.

तीन वर्षांपूर्वी माघात सरलाबाई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि पाचव्या दिवशी संपलं. हिलाल शेवटचे दोन दिवस तिच्या उशाशी होता. त्यानंतर तो सोमवारी यायचा तो रिकाम्या खोलीत झाडलोट करून माझ्या ओट्यावर बसायचा. बोलणं पूर्वीसारखंच गवताचं, फक्त त्यातही आता पाचवी ग्रीनच जास्त यायची. इतर आठ तो मशीनने कापायचा, पाचवी हाताने. वरंबा मशीनखाली खरवडला जातो म्हणायचा. मला ते समजत होतं. बाईचं या जगात दुसरं काय उरलं होतं? एक मुलगी, एक न नेसलेली साडी, आणि उसाच्या मधोमध सात वरंबे.

पुढे ठाकोरशेठही गेले. धाकटे शेठ आले, बाहेर शिकलेले, वागायला चांगले. त्यांनी पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञाने नऊ ग्रीन फिरून पाहिल्या आणि लिहून दिलं की मोठ्या स्पर्धा घ्यायच्या असतील तर पाचवी उकरून सपाट करावी लागेल. जानेवारीतल्या एका सोमवारी हिलाल आला तो ओट्यावर न बसता आत आला. म्हणाला, "गुरुजी, अर्ज लिखी द्या. पाचवी राहू द्या म्हणा. बाकी मी काही मागत नही."

त्या अर्जावर मी दोन दिवस मेहनत घेतली. माझ्या आयुष्यातला उत्तम अर्ज तो. कै. सरलाबाईंच्या हातची ही हिरवळ, एका कष्टकरी स्त्रीची निर्व्याज चूक, कै. ठाकोरशेठांचं मोठं मन, क्लबाच्या जन्माची खूण, वगैरे. हिलालला वाचून दाखवला. "निर्व्याज चूक" येताच त्याने मान वळवली. मी समजलो, डोळे भरले असतील.

रविवारी सकाळी अकराला कमिटी ओसरीत बसली. आम्हाला खांबाजवळ उभं केलं, मला खुर्ची दिली. पाच जण होते. धाकट्या शेठांनी अर्ज मोठ्याने वाचला, आणि खरं सांगतो, वाचता वाचता त्यांचा आवाज जड झाला. डॉक्टर वैशालीबेन म्हणून एक सभासद होत्या, त्या म्हणाल्या, "स्पर्धा बीजे थशे. आपणी पासे वारता छे, ते क्यां मळवानी?" स्पर्धा दुसरीकडेही होतील, आपल्याकडे आहे ती गोष्ट कुठे मिळणार, असं. दुसऱ्या एकाने मान डोलावली. पाहुण्यांना आम्ही आधी तीच ग्रीन दाखवायला नेतो, म्हणाला. पाच मिनिटांत सगळे एका बाजूला झाले. तज्ज्ञाचा कागद बाजूला पडला. धाकटे शेठ तर पुढे गेले. म्हणाले, आपण तिथे छान संगमरवराची पाटी लावू, "सरलानी भूल" आणि खाली सालं. बाईंचं नाव कायमचं राहील. मी खुर्चीतच ताठ झालो. माझ्या अर्जाला असं यश पूर्वी कधी आलं नव्हतं.

"काका, खूश ने?" धाकट्या शेठांनी विचारलं.

हिलाल टोपी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "साहेब, पथ्थर ना मूको."

"केम?"

"भूल एनी नहोती. मारी हती."

हिलालने मोडक्या गुजरातीत तीन-चार वाक्यांत सांगून टाकलं. वाफे मी पाडायला लावले. ती नको म्हणत होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तिचं नाव घेतलं. आता दगडावर तेच कोरू नका.

मी त्याची बाही ओढली. गप्प बस, असं मराठीत म्हणालोसुद्धा. पण त्याचं बोलून झालं होतं.

कोणी रागावलं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. धाकटे शेठ एवढंच म्हणाले, "काका, हवे शुं फरक पडे छे?" पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती मघाची माया निघून गेली होती. हसण्यासारखी एक गोड गोष्ट त्यांच्याकडे वीस वर्षं होती, तिच्यात एका नवऱ्याने बायकोवर ढकललेला आळ निघाला. पाहुण्यांना कोण सांगणार ती? एकाने "तो हिलालनी भूल राखो" असं म्हणून पाहिलं, त्यावर कोणी हसलं नाही. वैशालीबेन उठून पाणी प्यायला गेल्या. मग चहा आला, आणि चहाबरोबर तज्ज्ञाचा कागद पुन्हा वर आला. मार्चमध्ये पाचवी सपाट करावी असं ठरलं.

परतताना इकोत मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. मी संतापलो होतो. म्हणालो, "अरे, सगळं जमलं होतं. पाटी लागत होती, ग्रीन राहत होती. मेलेल्या बाईला तुझ्या खऱ्याचा काय उपयोग?" त्याने बाहेर उसाकडे बघत मला सगळं सांगितलं, आणि मला कळलं की एकोणीस वर्षं मी शेजारी राहून काहीही पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. पहिल्या चार ग्रीन माहितगार माणसाच्या देखरेखीखाली झाल्या. पाचवीच्या वेळी तो माणूस निघून गेला, शेठ परदेशी, आणि पंपाची नळी पाचव्यापर्यंत पोचलेली नव्हती. पाणी कालव्यावरून पाटाने आणायचं होतं. उतारावर पाटाचं पाणी थांबणार कसं? हिलालच्या डोक्यात कांदा. तो म्हणाला, वाफे पाडा, नंतर रूळ फिरवून मोडून टाकू. सरलाबाई म्हणाली, चार सपाट झाल्या तशीच हीपण सपाट करू. पाणी मी घागरीने घालते, आम्ही सहा बायका आहोत, महिनाभराचा तर प्रश्न. हिलाल मुकादम होता. बायकोचं ऐकून बारा माणसांसमोर शब्द फिरवायचा त्याला कमीपणा वाटला. वाफे पडले.

गवत धरल्यावर शेठच्या मागे कारभार बघणारा सुपरवायझर आला. त्याने पाचवी बघितली आणि कपाळाला हात लावला. "आ कोणे कर्युं?" म्हणून ओरडला. हिलालला आदल्याच आठवड्यात खोली मिळाली होती, मुकादमी पक्की व्हायची होती. त्याच्या तोंडून निघालं, "सरलाए."

"तिनं नाव मी जलमभर लिधं नव्हतं, गुरुजी," हिलाल म्हणाला. "एकदाव लिधं, तेबी असं." जन्मात एकदाच तिचं नाव घेतलं, तेही असं.

त्याला वाटलं होतं, बाईमाणूस आहे, दोन शब्द बोलतील आणि सोडून देतील. सुपरवायझरने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती खुरपं हातात घेऊन तिथेच उभी होती. नवऱ्याने आपलं नाव घेतलेलं तिने ऐकलं होतं. तिने खुरपं धुतलं, कडेला ठेवलं, पिशवी उचलली आणि पुलाकडे चालू लागली. जाताना फक्त म्हणाली, "भाकर डबामा से."

पंधरा दिवसांनी शेठ आले, हसले, ग्रीन ठेवली. तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, ही सरला कोण? हिलाल म्हणाला, माझी घरवाली. कुठे आहे? घरी. तेव्हा एक वाक्य बोलला असता तर ती दुसऱ्या दिवशी परत आली असती. पण मग शेठचं हसू गेलं असतं आणि मुकादमीही गेली असती. तो बोलला नाही. दर सोमवारी बोलायचं ठरवून यायचा, ती ताट वाढायची, आणि सोमवार संपायचा. दवाखान्यात दोन दिवस उशाशी बसला तेव्हाही बोलला नाही. "वार्डमा इतली मानसं व्हती. कसं सांगू?" एवढं म्हणून तो इकोच्या सीटवर लहान मुलासारखा रडला. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

मार्चमध्ये पाचवी उकरली, ती हिलालनेच. मशीनवाला खोल जाईल, खालची माती बिघडेल, म्हणून त्याने हट्टाने कुदळ घेतली. गवताचे तुकडे सोलून कडेला रचले आणि सात वरंबे एकेक करून मोडले. सहा दिवस लागले. एप्रिलच्या मध्याला नवं गवत धरलं. धाकट्या शेठांनी पहिला चेंडू सोडला, तो सरळ रेषेत जाऊन भोकात पडला, आणि टाळ्या झाल्या. हिलाल मला हे सांगताना म्हणाला की काम झकास झालंय. नवे पत्ते छापून आले आहेत. बाकी भोकांना चिंच, कालवा, टेकडी अशी नावं आहेत, पाचव्यापुढे नुसता पाचचा आकडा. लोकही आता पाँचमो म्हणतात. महिनाभरसुद्धा लागला नाही.

हे बोलणं झालं तेव्हा हर्षदा माझ्या घरी आली होती. ती आता उधन्याला दिलेली आहे, बापाची विचारपूस करायला अधूनमधून येते. तिला कमिटीतलं तोवर माहीत नव्हतं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप्पा, आईला माहीतच होतं ना तुम्ही काय केलं ते. तिने मला मी नववीत असतानाच सांगितलं होतं."

हिलालने वर पाहिलं.

"मी चिडले होते तुमच्यावर. तर ती म्हणाली, राहू दे. तुझा बाप माझं नाव घेत नाही, पण तिथं मोठमोठी माणसं रोज घेतात. पावसात, उन्हात, रोज. धागे कापता कापता मला कधीकधी तेच आठवतं, आत्ता कोणीतरी तिथं माझं नाव घेत असेल म्हणून." मग हर्षदा हळूच म्हणाली, "तुम्ही कशाला बोललात, आप्पा?"

मी त्या वेळी उठून आत गेलो. हिलालच्या चेहऱ्याकडे बघण्याची माझ्यात ताकद नव्हती. परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता. म्हणाला, "खोटं व्हतं, पन नाव तिनं व्हतं." नंतर त्या संध्याकाळी तो गवताबद्दल काही बोलला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आणि निखाऱ्यावर पुरणपोळी-तुपाचा घास टाकून एकेकाचं नाव घेतात. नाव घेतल्याशिवाय घास पोचत नाही असं मानतात. मला हिलालने जेवायला बोलावलं होतं. हर्षदा आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. नवी घागर सरलाबाईच्या जुन्या जागी, दारापाशी, मांडली होती. वर आंबा आणि खरबूज.

गेली तीन वर्षं मी याच खोलीत हे पाहिलं होतं. हिलाल आधी बापाचं नाव घ्यायचा, मग आजोबाचं, मग आईचं, आणि सरलाबाईची पाळी आली की "हर्षदानी माय" म्हणून घास टाकायचा. मी त्यावरूनही त्याला चिडवलं होतं, की अरे, पत्ता अपुरा आहे, घास भलत्याच घरी जाईल.

या वेळी त्याने बापाचं नाव घेतलं, आजोबाचं घेतलं, आईचं घेतलं. मग घास हातात धरून बसून राहिला. तूप बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. हर्षदाने हळूच म्हटलं, "आप्पा, निखारे विझतील."

"आते तठे कोनी लेत नही," तो म्हणाला. आता तिथे तिचं नाव कोणी घेत नाही, हे कोणाला म्हणाला ते समजलं नाही. मग त्याने घास निखाऱ्यावर टाकला आणि म्हणाला, "सरला."

आवाज इतका बारीक आला की मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आला. हर्षदाच्या मुलीने मात्र ऐकलं. तिने आईच्या पदराला धरून विचारलं, "सरला कोण छे?"

या घरात हे नाव त्या मुलीच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. हर्षदा म्हणाली, "तारी नानी."

हिलालने दुसरा घास उचलला. एकाला एकच घास टाकायचा असतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्याने तो निखाऱ्यावर ठेवला आणि पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी जरा मोठ्याने.